पाणक्या म्हणून हिणवलेला प्लेअर वर्ल्डकप जिंकून देणारा कोच कसा झाला? दिदिये देशाँबद्दल सविस्तर

स्वतः खेळणाऱ्या आणि पुढे कोचिंगचा विचार असलेल्या एकाने विचारलंय की दिदिये देशाँने फ्रान्सच्या फुटबॉल टीमकडून १०३ मॅचेस खेळून फक्त ४ गोल केले, ना ड्रिबलिंग ना लांबून शॉट, तरी २०१२ मध्ये तो नॅशनल टीमचा कोच झाला, २०१८ चा वर्ल्डकप जिंकला, २०२२ च्या फायनलला पोचला आणि इतकी वर्षं टिकला, तर हे सगळं त्याच्याकडे भारी प्लेअर्स होते म्हणूनच झालं का? आणि प्लेअर म्हणून जे करिअर झालं त्याचा कोच होताना खरंच उपयोग होतो का?

मी बरीच वर्षं डिफेन्सिव्ह मिडफिल्डला, म्हणजे डिफेन्सच्या बरोबर पुढे, देशाँच्याच जागेवर खेळलोय आणि त्यानंतर आजपर्यंत कोचिंगच करतोय, क्लबच्या टीम्स वर्षभर सांभाळल्यात आणि निवडलेल्या टीमचे चार-पाच दिवसांचे कॅम्प पण घेतलेत. दोन्ही कामं केल्यामुळे हा विषय माझ्या जवळचा आहे, उत्तर लांबणार आहे.

आधी ते भारी प्लेअर्सचं बघू. फ्रान्सकडे २००२ ला ऑन्री, त्रेझेगे, व्हिएरा होते आणि एकही गोल न करता ते ग्रुपमधूनच घरी आले. २०१० ला रिबेरी, एव्हरा, आनेल्का, ऑन्री होते आणि आनेल्काला कॅम्पमधून हाकलल्यावर सगळी टीम प्रॅक्टिस सोडून बसमध्ये जाऊन बसली, जगभर शोभा झाली. प्लेअर्स तर तेव्हाही भारीच होते ना. त्यामुळे नुसतं टॅलेंट असून भागत नाही हे फ्रान्सइतकं कुणीच अनुभवलेलं नाही, आणि देशाँला काम मिळालं ते याच अनुभवाने पोळलेल्या टीमचं.

आता त्याचं खेळणं. १९६८ चा जन्म, गाव बायोन, फ्रान्सच्या नैऋत्य कोपऱ्यात, बास्क भाग, तिथे रग्बीचं वेड जास्त आणि हा पण लहानपणी रग्बी खेळायचा. चौदा-पंधराव्या वर्षी घर सोडून नाँतच्या ॲकॅडमीत गेला, तिथेच त्याला मार्सेल देसायी (पुढे फ्रान्सचाच डिफेंडर) भेटला, दोघांची मैत्री तेव्हापासूनची. नाँतची शिकवण अशी होती की बॉल कमी वेळ पायात ठेवायचा, एक-दोन टचमध्ये द्यायचा आणि बॉल यायच्या आधीच कुठे द्यायचा ते ठरलेलं असायला हवं. ज्याच्याकडे स्पीड नाही, ड्रिबल नाही, त्याला अशा शाळेत डोकं वापरायला शिकावंच लागतं. १९८५ मध्ये सतराव्या वर्षाच्या आत तो फर्स्ट टीमकडून खेळला. पुढे १९८७ मध्ये त्याचा मोठा भाऊ फिलिप विमान अपघातात गेला. त्यावर तो फारसा बोलत नाही, पण लहान वयात असं काही सोसलेला माणूस ड्रेसिंग रूममध्ये बाकीच्यांपेक्षा वयाने मोठा वाटायला लागतो, हे मी माझ्या टीममधल्या पोरांमध्येही पाहिलंय.

मग मार्सेय क्लब, मधे एक सीझन बोर्दोला लोनवर (उधारीवर), परत मार्सेय. १९९३ मध्ये म्युनिकला मिलानला १-० हरवून मार्सेयने चॅम्पियन्स लीग (युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा) जिंकली तेव्हा कॅप्टन हाच, वय २४. त्यानंतर युव्हेंटसला पाच वर्षं, मार्चेल्लो लिप्पीच्या हाताखाली तीन लीग टायटल्स, १९९६ ची चॅम्पियन्स लीग आणि पुढच्या लागोपाठ दोन फायनल हरल्या. शेवटी चेल्सी, मग व्हॅलेन्सिया, आणि २००१ मध्ये ३२ व्या वर्षी बूट काढून ठेवले.

याच काळात फ्रान्सचाच स्टार फॉरवर्ड एरिक कँटोनाने त्याला 'पाणी वाहणारा' म्हटलं होतं, आपल्याकडे पाणक्या म्हणू तसं, म्हणजे दुसऱ्यांची धुणीभांडी करणारा, असे प्लेअर कुठल्याही नाक्यावर मिळतात या अर्थाने. लोक अजून हा शब्द काढतात म्हणून त्यावर जरा थांबतो, कारण माझ्या मते त्याच्या कोचिंगचं मूळ तिथेच आहे.

मैदानात या जागेवर उभं राहून काय दिसतं ते सांगतो. स्ट्रायकरला समोरचा गोल दिसतो, डिफेंडरला समोरून येणारा माणूस दिसतो, विंगरला टचलाइन आणि एक फुलबॅक. डिफेन्सिव्ह मिडफिल्डरला मात्र दर चार-पाच सेकंदांनी मान फिरवून दोन्ही बाजू बघाव्या लागतात, आपला लेफ्टबॅक पुढे गेला की त्याच्या मागची जागा कोण भरणार, आपला दहा नंबर (अटॅक घडवणारा) बॉल घालवून बसला तर समोरच्यांचा काउंटर कुठून निघणार, आपल्यातला कोण दमलाय, कोण चिडलाय, कोणाला आत्ता बॉल दिला तर तो घालवेल. शिव्या खाऊन, ओरडून, हात दाखवून तो दहा जणांना जागेवर ठेवत असतो आणि त्यातलं काहीच स्कोअरकार्डवर येत नाही. झिदानच्या मागे देशाँ उभा होता म्हणून झिदानला मागे वळून बघावं लागत नव्हतं. दुसऱ्याला काय हवंय हे ओळखून ते पुरवणं हेच ज्याचं पंधरा-सोळा वर्षं काम होतं तो माणूस कोच झाला तर त्याला नवीन काय शिकायचं उरतं? बरंच उरतं, ते पुढे येईल, पण पाया घातलेला असतो.

अजून दोन गोष्टी त्याने खेळताना पाहिल्या ज्या कुठल्याच कोचिंग कोर्समध्ये मिळत नाहीत. पहिली, १७ नोव्हेंबर १९९३. पॅरिसमध्ये बल्गेरियाविरुद्ध नुसता ड्रॉ केला असता तरी फ्रान्स अमेरिकेच्या वर्ल्डकपला गेला असता. १-१ चालू होतं, शेवटच्या मिनिटाला फ्रान्सने कॉर्नर फ्लॅगजवळ बॉल धरून वेळ काढायच्या ऐवजी क्रॉस मारला, तो वाया गेला, बल्गेरिया दोन-तीन पासमध्ये दुसऱ्या टोकाला आणि कोस्तादिनोव्हचा गोल. देशाँ त्या टीममध्ये मैदानावर होता. लोक विचारतात ना की फ्रान्स १-० ने पुढे असताना मागे का सरकतो, मॅच का झोपवतो, त्यांनी हा गोल एकदा बघावा. ज्याने हे स्वतः भोगलंय त्याला शेवटच्या दहा मिनिटांत देखणा फुटबॉल कसा सुचणार.

दुसरी गोष्ट, एमे जाके. ९३ च्या त्या फजितीनंतर जाके कोच झाला आणि त्याने १९९६ च्या युरोला (युरोपातल्या देशांची स्पर्धा) कँटोना आणि जिनोला या दोन सगळ्यात गाजलेल्या नावांना घरी ठेवलं. पेपरवाल्यांनी त्याला सोलून काढला, वर्ल्डकपच्या तोंडापर्यंत त्याची खिल्ली उडवत होते. जाकेने टीम झिदानभोवती बांधली, कॅप्टन देशाँ, आणि १२ जुलै १९९८ ला ब्राझीलला ३-० हरवून कप उचलला, दोन वर्षांनी रजर लेमेरच्या हाताखाली युरो २००० पण. म्हणजे सगळ्यात चांगले २२ जण वेगळे आणि एकत्र चांगले खेळणारे २२ जण वेगळे, हे देशाँने कॅप्टनच्या दंडावरच्या पट्टीसकट आतून पाहिलंय.

खेळणं संपलं त्याच वर्षी, २००१ मध्येच, मोनॅकोने त्याला थेट हेड कोच केलं. आणि पहिलं वर्ष वाईट गेलं, टीम १५ व्या नंबरवर. हे मुद्दाम सांगतोय, कारण मोठा प्लेअर लगेच मोठा कोच होतो असं नाही, ज्या लोकांबरोबर कालपर्यंत जेवत होतो त्यांच्यासारख्यांना आज टीमबाहेर ठेवायचं हे पचायला वेळ लागतो. दुसऱ्या वर्षी लीग कप आणि लीगमध्ये ल्योंच्या फक्त एक पॉइंट मागे दुसरा. तिसऱ्या वर्षी, २००३-०४ ला, चॅम्पियन्स लीगची फायनल, आणि देशाँला बचावात्मक म्हणणाऱ्यांनी हा सीझन विसरू नये: देपोर्तिव्होला एका मॅचमध्ये ८-३, रेआल माद्रिदकडे ४-२ हरून आल्यावर घरी ३-१ ने जिंकून त्यांना बाहेर काढलं, चेल्सीला सेमीत दहा जणांनिशी ३-१. जिउली, रोथेन, मोरिएंतेस, डावीकडे तरुण पात्रिस एव्हरा. फायनलला पोर्तोकडून ३-० हरले, त्यांचा कोच मोरिन्यो होता. तर हा माणूस अटॅक करणारी टीम बांधू शकत नाही असं अजिबात नाही, क्लबमध्ये रोज प्रॅक्टिस मिळत होती तेव्हा त्याने ती बांधून दाखवली.

२००६ ला त्याने जे पत्करलं ते मला फार आवडतं. युव्हेंटसला मॅच-फिक्सिंगच्या निकालाने सेरी बी मध्ये ढकललेलं, वर पॉइंट्स कापलेले, कान्नावारो, इब्राहिमोविच, व्हिएरा, थुराम सोडून गेलेले. बुफॉन, देल पिएरो, नेदवेद, त्रेझेगे थांबले. देशाँ गेला, पहिलीच मॅच रिमिनीसारख्या छोट्या टीमशी १-१ ड्रॉ झाली, पण टीम वर आणून दाखवली, आणि प्रमोशन नक्की झाल्यावर मॅनेजमेंटशी पटेना म्हणून दोन मॅचेस बाकी असताना सोडून दिलं. वर्ल्डकप जिंकलेल्या स्टार्सना सेकंड डिव्हिजनच्या खडबडीत मैदानांवर दर आठवड्याला जीव ओतायला लावणं हे मॅन मॅनेजमेंटचं खरं ट्रेनिंग. त्यानंतर मार्सेयला २००९ ते २०१२, पहिल्याच वर्षी १८ वर्षांनी लीग टायटल, तीन वर्षं लागोपाठ लीग कप, शेवटच्या सीझनला मात्र दहावे. तिथे त्याच्याबरोबर आलेला असिस्टंट गी स्तेफान पुढे नॅशनल टीममध्ये पण त्याच्यासोबत राहिला.

जुलै २०१२ मध्ये लॉरां ब्लांच्या जागी तो फ्रान्सचा कोच झाला. इथून पुढचं समजायला नॅशनल कोचचं काम क्लबपेक्षा किती वेगळं आहे ते आधी समजून घ्या, कारण बहुतेक वाद इथेच होतात.

क्लबचा कोच वर्षाला दोनशेच्या वर सेशन्स घेतो. नॅशनल कोचला मोठी टूर्नामेंट सोडली तर वर्षाला दहा-बारा मॅचेस आणि त्या पण तुकड्या-तुकड्यांत. सोमवारी प्लेअर्स येतात, त्यातले अर्धे रविवारी रात्री क्लबची मॅच खेळून आलेले, त्यांना पहिला दिवस नुसता मसाज आणि हलकं पळणं. मंगळवारी थोडं काम, बुधवारी शेप आणि सेट पीसेस (कॉर्नर, फ्री किक), गुरुवारी मॅच. म्हणजे खरं शिकवायला एक, फार तर दोन सेशन्स. त्यात अकरा जण सात-आठ वेगवेगळ्या क्लबमधून आलेले, एक जण क्लबमध्ये हाय प्रेस (पुढे जाऊन बॉल हिसकावणं) खेळतो, एक जण लो ब्लॉक (मागे दाटीने बचाव), एकाचा फुलबॅक आत येतो, एकाचा बाहेरून जातो. आणि लेफ्टबॅक नसेल तर विकत घेता येत नाही, आहेत त्यातूनच कोणालातरी तिथे उभं करायचं.

मी हे स्वतः चूक करून शिकलो. माझ्याकडे पहिल्यांदा एका निवडलेल्या अंडर-१९ टीमचा कॅम्प आला तेव्हा पाच दिवस होते. क्लबमध्ये आम्ही जे प्रेसिंग खेळायचो ते मी या पोरांना शिकवायला घेतलं, मैदानावर कोन ठेवले, ट्रिगर सांगितले, बॅकपास गेला की कोणी पळायचं, विंगरने आतून बाहेर की बाहेरून आत बंद करायचं. क्लबला हे मी तीन महिन्यांत बसवलं होतं. इथे चौथ्या दिवशी पण पोरं एकमेकांकडे बघून पळत होती, एक जण प्रेसला जायचा, दुसरा अर्धा सेकंद उशिरा, आणि त्या अर्ध्या सेकंदात मधून बॉल निघून जायचा. पहिली मॅच आम्ही त्याच भोकातून तीन गोल खाऊन हरलो. त्या रात्री सगळं काढून टाकलं. दोन ओळी, मधलं अंतर कमी, बॉल गेला की सगळे बॉलच्या मागे, दोन कॉर्नर रूटीन, आणि पुढे ज्या दोन पोरांना एकमेकांचा खेळ आधीपासून माहीत होता त्यांना जोडीने ठेवलं. पुढच्या दोन्ही मॅचेस जिंकलो. पोरं तीच होती, मी फक्त त्यांना झेपेल तेवढंच मागितलं.

म्हणून देशाँच्या फ्रान्सला 'साधं खेळतात' म्हणून नावं ठेवली जातात तेव्हा मला त्यात कौशल्य दिसतं. पटकन बसेल, दबावात मोडणार नाही आणि एम्बापे-ग्रीझमनसारख्यांना मोकळीक देईल एवढंच तो बांधतो.

आता एक प्रसंग जरा बारकाईने बघू. नोव्हेंबर २०१३, वर्ल्डकपसाठी युक्रेनशी दोन लेगचा प्लेऑफ. १५ तारखेला कीवमध्ये फ्रान्स २-० हरला, कोसिएल्नीला रेड कार्ड. परतीची मॅच १९ ला, म्हणजे मधे तीन दिवस, त्यातला एक प्रवास आणि रिकव्हरीत गेला. सगळ्या देशात २०१० ची आठवण निघाली, हे पोरगे लाडावलेत, यांना काढा. अशा वेळी कोचकडे काय असतं? नवीन सिस्टिम शिकवायला वेळ नाही. त्याने पाच जण बदलले. नसरी, जिरू, रेमी, आबिदाल बाहेर, कोसिएल्नी सस्पेंड, आत वरान, साखो, काबाये, वाल्बुएना, बेन्झेमा. मिडफिल्डला दोनाऐवजी तिघे केले, काबाये मागे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पोग्बा, मातुइदी. हा बदल असा होता की प्लेअर्सना समजावायला पंधरा मिनिटं पुरतात, कारण प्रत्येक जण आपल्या रोजच्या जागेवर आला. ३-० ने जिंकले आणि गोल करणाऱ्यांत नव्याने आत आलेले साखो आणि बेन्झेमा. बल्गेरियाच्या त्या रात्रीला बरोबर वीस वर्षं आणि दोन दिवस झाले होते. माझ्या मते देशाँची कारकीर्द त्या संध्याकाळी वाचली, आणि नुसत्या भाषणाने वाचली नाही, लाइनअपने वाचली.

त्यानंतरचा निर्णय अजून मोठा. २०१४ च्या वर्ल्डकपला त्याने नसरीला नेलंच नाही, तेव्हा नसरी मँचेस्टर सिटीकडून प्रीमियर लीग जिंकून आलेला. कारण पण उघड सांगितलं, की तो फ्रान्सकडे पहिल्या अकरात पक्का नाही आणि बेंचवर बसल्यावर नाराज असतो, ते ग्रुपला जाणवतं. लोकांना हे क्रूर वाटलं. पण तुम्ही कधी महिनाभर एका हॉटेलात पंचवीस जणांबरोबर राहिला असाल तर कळेल. मॅच खेळणाऱ्या अकरांना सांभाळणं सोपं असतं. खरा त्रास उरलेल्या बारा जणांचा. नवव्या-दहाव्या दिवशी जेवणाच्या टेबलवर कोण कोणाजवळ बसतंय, कोण लवकर उठून रूमवर जातंय, प्रॅक्टिसमध्ये बिब (टीम ओळखायचं जॅकेट) घालताना कोणाचं तोंड वाकडं होतंय, त्यावर टूर्नामेंट ठरते. तिसरा गोलकीपर आणि बावीस नंबरचा डिफेंडर जर हसत प्रॅक्टिस करत असेल तर समजायचं टीम ठीक आहे. देशाँने कँटोना बाहेर असताना काय झालं ते पाहिलेलं होतं, तेच वापरलं. आणि दुसऱ्या बाजूला, बस प्रकरणात कॅप्टन असलेल्या एव्हराला त्याने टाकलं नाही, मोनॅकोपासून ओळखत होता, माणूस म्हणून काय आहे ते माहीत होतं, त्याच्यावर विश्वास ठेवला.

बेन्झेमाचं प्रकरण मात्र मला अजून टोचतं. २०१५ मध्ये वाल्बुएनाला ब्लॅकमेल केल्याच्या केसमध्ये त्याचं नाव आलं, साडेपाच वर्षं तो टीमबाहेर राहिला. सुरुवातीला बाहेर ठेवणं बरोबरच होतं, दोघं एकाच ड्रेसिंग रूममध्ये कसे बसणार. पण वाल्बुएना टीममधून गेल्यावरही कितीतरी वर्षं दार बंद राहिलं. यात बेन्झेमाने २०१६ मध्ये देशाँ वंशवादी लोकांच्या दबावाला झुकला असं म्हटलं आणि देशाँच्या घराच्या भिंतीवर कोणीतरी तसले शब्द रंगवले, तेव्हा ते वैयक्तिक झालं हे उघड आहे. शेवटी २०२१ मध्ये त्यानेच बोलावलं, बेन्झेमाने त्या युरोला ४ गोल मारले. एवढं सगळं झाल्यावर परत बोलावणं हे मोठेपण आहे, पण उशीर झाला हे पण खरं.

२०१८ कडे येऊ. पहिली मॅच ऑस्ट्रेलियाशी, पुढे एम्बापे, ग्रीझमन, डेम्बेले, तिघंही वेगवान, कागदावर स्वप्नातला अटॅक, आणि फ्रान्स कसंबसं २-१ जिंकलं. पुढच्या मॅचला डेम्बेले आणि तोलिसो बाहेर, जिरू आणि मातुइदी आत. मातुइदी मूळचा सेंट्रल मिडफिल्डर, त्याला डाव्या बाजूला लावला. हाच तो सगळ्यात देशाँ-छाप निर्णय. मातुइदी डावीकडे आत येऊन बंद करतो म्हणून पोग्बाला पुढे पास टाकायला वेळ मिळतो, कांते उजवीकडे सरकू शकतो, आणि उजवीकडून एम्बापेला मागे पळायची गरज कमी पडते. जिरू पाठीवर सेंटरबॅक घेऊन उभा राहतो म्हणून ग्रीझमनला जागा मिळते. जिरूने त्या अख्ख्या वर्ल्डकपमध्ये एकही गोल केला नाही आणि तरी फायनलपर्यंत प्रत्येक मॅचला त्याला उतरवला. हा विश्वास कोण ठेवू शकतो? ज्याने स्वतः १०३ मॅचेसमध्ये चारच गोल केलेत आणि तरी आपल्याशिवाय टीम चालली नसती हे ज्याला ठाऊक आहे, तोच.

फायनलला क्रोएशियाविरुद्ध २-१ पुढे असताना ५५ व्या मिनिटाला त्याने कांतेला काढलं. कांते, त्या वर्ल्डकपचा सगळ्यांचा लाडका! पण त्या दिवशी तो चालत नव्हता, यलो कार्ड घेतलेलं, क्रोएशिया मधून घुसत होते. उंच न्झोन्झी आत आला आणि पुढच्या दहा मिनिटांत पोग्बा आणि एम्बापेचे गोल, ४-१. टीव्हीवर हा बदल बघताना मी खुर्चीतून उठलो होतो, कारण असा निर्णय चुकला तर माणूस आयुष्यभर ऐकून घेतो.

चुका पण सांगायलाच हव्यात. २०१६ ची युरो घरच्या मैदानावर होती. आयर्लंडविरुद्ध हाफटाइमला कांतेला काढून ग्रीझमनला मधे आणलं, त्याने दोन गोल मारले, छान ओळखलं ते. फायनलला मात्र पोर्तुगालकडून एक्स्ट्रा टाइममध्ये १-० हरले आणि रोनाल्डो पंचवीस मिनिटांत जखमी होऊन गेलेला असताना हरले. २०२१ ला स्वित्झर्लंडविरुद्ध त्याने अचानक तीन सेंटरबॅक लावले, राबियोला डावीकडे विंगबॅक केला, हे म्हणजे जी चूक मी कॅम्पमध्ये केली तीच, जे बसवायला वेळ नाही ते मॅचमध्ये आणलं. हाफटाइमला स्वतःच मोडलं, ३-१ ने पुढे गेले, मग शेवटच्या दहा मिनिटांत दोन गोल खाल्ले आणि पेनल्टीवर बाहेर. २०२४ च्या युरोला सेमीपर्यंत पोचले पण तोपर्यंत ओपन प्लेमधून त्यांच्या स्वतःच्या प्लेअरचा एकही गोल नव्हता, फक्त ओन गोल आणि पेनल्टी. ते बघणं मलाही जड गेलं आणि तिथे त्याचा बचाव मी करणार नाही, एम्बापेचं नाक फुटलेलं, ग्रीझमनची लय गेलेली, तरी काहीतरी वेगळं करायला हवं होतं.

पण मला विचाराल तर कोच म्हणून त्याची सगळ्यात मोठी रात्र तो हरला ती आहे. १८ डिसेंबर २०२२. त्या वर्ल्डकपला पोग्बा, कांते, बेन्झेमा, एन्कुंकु, किंपेम्बे सगळे जखमी, कॅम्पमध्ये व्हायरस फिरून गेलेला. ग्रीझमनला त्याने मिडफिल्डला आणून टीम चालवली होती. फायनलला अर्जेंटिनाने दी मारियाला डावीकडे लावून फ्रान्सची उजवी बाजू फाडली, २-०. हाफटाइमला चार मिनिटं बाकी असताना देशाँने जिरू आणि डेम्बेलेला काढलं. बहुतेक कोच हाफटाइमची वाट बघतात, प्लेअरची इज्जत राखायला. जिरूचा चेहरा सगळ्या जगाने पाहिला. मार्कस थुराम आणि कोलो मुआनी आत, एम्बापे मधे. ७१ व्या मिनिटाला ग्रीझमन आणि थिओ एर्नांदेझ पण बाहेर, कोमान आणि कामाविंगा आत. मग काय झालं बघा: पहिला गोल पेनल्टी, ती कोलो मुआनीने मिळवली. दुसऱ्या गोलसाठी मेस्सीकडून बॉल हिसकावला कोमानने, एम्बापेला परत पास दिला थुरामने. दोन मिनिटांत २-२, आणि बेंचवरून आलेल्या प्लेअर्सनी. बेंचवरचे तयार असणं म्हणजे काय ते वर बारा जणांचं सांगितलं ना, ते हे. ३-३ झालं, शेवटच्या क्षणी अर्जेंटिनाचा गोलकीपर मार्टिनेझने कोलो मुआनीचा शॉट पायाने अडवला आणि पेनल्टीवर गेलं सगळं.

समोरच्या बेंचवर लिओनेल स्कालोनी होता. अर्जेंटिनाकडून जेमतेम सात मॅचेस खेळलेला, २००६ च्या वर्ल्डकपला स्क्वॉडमध्ये, आणि २०१८ ला कझानमध्ये फ्रान्सने अर्जेंटिनाला ४-३ हरवलं तेव्हा साम्पाओलीचा असिस्टंट म्हणून तिथेच बसलेला. याउलट मॅराडोना २०१० ला कोच होता, जर्मनीकडून ४-० हरले. मिशेल प्लातिनी, ज्याने देशाँला पहिल्यांदा फ्रान्सकडून खेळवलं, त्याने युरो ९२ ची क्वालिफाइंग सगळ्या आठ मॅचेस जिंकून पार केली आणि तिथे जाऊन ग्रुपमध्येच आटोपले. म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं की किती मोठा खेळलात यापेक्षा खेळताना तुमची नजर कुठे होती ते कामी येतं. ज्याला सगळं आपोआप जमत होतं त्याला दुसऱ्याला का जमत नाही हे समजावता येत नाही बऱ्याचदा. बेकेनबाउअर अपवाद वाटेल, पण तो पण मागून सगळं मैदान बघणारा होता, १९७४ ला कॅप्टन म्हणून आणि १९९० ला कोच म्हणून जिंकला. झगालो पण असाच, १९५८ आणि ६२ ला ब्राझीलचा डावा विंगर, पण मागे येऊन मिडफिल्डला मदत करणारा, म्हणून त्याचं कौतुक व्हायचं, मग १९७० ला कोच. प्लेअर आणि कोच दोन्ही म्हणून वर्ल्डकप जिंकणारे २०१८ पर्यंत हे दोघेच, तिसरा देशाँ. झगालो ५ जानेवारी २०२४ ला गेला, बेकेनबाउअर ७ जानेवारीला, दोन दिवसांच्या अंतराने.

देशाँने २०२६ च्या वर्ल्डकपनंतर थांबणार असं जानेवारी २०२५ मध्येच जाहीर केलं. तुम्ही स्वतः खेळताय आणि पुढे कोचिंगचा विचार आहे असं लिहिलंय, तर त्याची एक मॅच काढून बघा, २०१८ ची बेल्जियमविरुद्धची सेमी, १-० वाली, उम्तितीचा कॉर्नरवरचा हेडर. पहिल्यांदा नेहमीसारखी बघा. दुसऱ्यांदा बॉलकडे अजिबात बघू नका, फक्त १४ नंबरच्या मातुइदीवर नजर ठेवा, बॉल उजवीकडे असताना तो कुठे उभा आहे, पोग्बा पुढे गेला की किती पावलं आत येतो, लेफ्टबॅक वर चढला की कधी मागे सरकतो, वहीत लिहून काढा. तो मैदानात आहे तोवर चाळीसेक नोंदी होतील.